बॅटरी 'अचानक' जात नाही!

"बॅटरी अचानक गेली यार!" आमच्या ऑफिसात सोमवारी हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही ते म्हटलंय. पण आता जाहीर सांगतो, ही शुद्ध थाप आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री अडीचला बाबांना दम लागला. धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, चावी फिरवली. टक्.. टक्.. टक्.. बस्स! बाबा तशातही म्हणतायत, "होईल रे चालू, घाई करू नकोस." शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवरच धावत आले आणि त्यांच्या गाडीतून गेलो. बाबा आता ठीक आहेत. पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कारण गाडी आठवडाभर सुरू होताना कण्हत होती आणि मी ते ऐकत होतो. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली की अलर्ट येतो, मी झोपेतून उठतो. गाडीनेही अलर्ट दिले होते. मी ते म्यूट केले.

थोडं विज्ञान. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. अर्धवट चार्जवर पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसतं आणि गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. दोष मात्र आपण थंडीला देतो. बॅटरीला मारतो उन्हाळा, थंडी फक्त पंचनामा करते!

"पण मी रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो की!" अहो, हिशोब करा. अलार्म, घड्याळ वगैरे मिळून ५० मिलिअँपियर जरी पीत असले तरी आठवड्याचे ८ अँपियर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ची असते. पाच मिनिटांत ते भरून येत नाही. अर्धा-पाऊण तास नीट चालवा. आणि वर्क फ्रॉम होमवाल्यांनो, डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर तुमचं काही खरं नाही.

"माझी ईव्ही आहे" म्हणून हसू नका. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी फुल असूनही गाडी उठत नाही.

मग करायचं काय? काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करा. काढताना काळी वायर आधी, लावताना शेवटी. झाकणं असतील तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी नाही आणि ॲसिड तर नाहीच. तीन वर्षं झाली की दुकानात लोड टेस्ट करून घ्या. डिकीत जंपर केबल ठेवा, आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीला नाही. तिथे हायड्रोजन असतो, ठिणगी नको.

"वेळ नाही" हे तर सांगूच नका. फोनची बॅटरी २० टक्क्यांवर आली की आपण चार्जर शोधत घरभर फिरतो.

आज रविवार आहे. चहा संपवा, खाली जा आणि बॉनेट उघडा. सगळ्यांच्याच बिल्डिंगमध्ये ते काका नसतात.