पावतीविना नोंद नको



आपल्या व्यापारी घराण्यांतील मुले-मुली दुकानाची गादी सांभाळतानाच एम.कॉम. आणि पीएच.डी.कडेही वळत आहेत, ही समाधानाची बाब आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथे बसून प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज माहितीचा तुटवडा नाही. त्या ढिगातून विश्वासार्ह माहिती कशी निवडावी, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

समजा, विषय आहे 'यवतमाळ जिल्ह्यातील कापूस व्यापार'. गूगलवर हे शब्द नुसते टाकले, तर आजच्या भावाच्या बातम्या आणि बियाण्यांच्या जाहिराती पुढे येतात. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहिल्यास तो तसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दाआधी, जागा न सोडता, उणे चिन्ह दिल्यास तो शब्द असलेली पाने वगळली जातात. तोच शोध 'गूगल स्कॉलर'वर घेतला, तर प्रामुख्याने शोधनिबंध व ग्रंथ समोर येतात.

जुन्या नावांचेही भान हवे. इंग्रजी अमदानीत यवतमाळचे स्पेलिंग वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल असे होते. १९०५ पूर्वी आजच्या जिल्ह्याचा मोठा भाग 'वूण' जिल्हा म्हणून, अर्थात वणीच्या नावाने, ओळखला जाई. केवळ आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याच्या हाती जुनी गॅझेटियरे लागणे कठीण.

विश्वासार्ह भांडारे आपल्या देशातही आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, हे तेथे प्रथम पाहावे. बाजार समित्यांतील आवक व भाव यांसाठी केंद्र सरकारचे 'ॲगमार्कनेट', बँकिंग व अर्थव्यवस्थेच्या आकड्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे माहितीभांडार, तर आगम व जैन साहित्यासाठी 'जैन ई-लायब्ररी' उपयोगी आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. अनुदानित महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही सोय आहे. आपल्या महाविद्यालयाने ती घेतली आहे काय, हे ग्रंथपालांना अवश्य विचारावे. सोय असते, पण पासवर्ड मागणारा विद्यार्थीच नसतो, असे होऊ नये.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्याचा मजकूर उचलून आपल्या नावावर खपविणे सोपे झाले आहे, आणि ते उघडकीस येणेही तितकेच सोपे झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते. परंतु आपल्यासाठी प्रश्न केवळ नियमाचा नाही. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, आणि त्याचा त्याग हे श्रावकाचे अणुव्रत आहे. विचार दुसऱ्याचा असेल, तर संदर्भ देऊन तो 'घेतला' असे लिहावे. मग तो चोरीचा राहत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारून उत्तरे मिळविली जातात. ही यंत्रे कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही बिनदिक्कत देतात. म्हणून दिलेला लेख प्रत्यक्ष उघडून, वाचून, मगच नोंदवावा. रोजमेळात पावतीविना रक्कम लिहिली जात नाही. अहवालातील आकड्यालाही तोच न्याय लावावा. आकडा कोणी, कोणत्या वर्षी, कशासाठी गोळा केला, हे एका वहीत टिपून ठेवावे. विरुद्ध मत मांडणारा एक तरी लेख वाचावा. अनेकान्ताची शिकवण अभ्यासातही उपयोगी पडते.

पालकांना विनंती एवढीच की, अहवालाला किती गुण मिळाले हे विचारण्याआधी, 'ही माहिती कोठून आणलीस, बाळ?' असे विचारावे. त्यासाठी इंटरनेटचे ज्ञान लागत नाही. ही चौकशी आपण पेढीवर रोजच करीत आलो आहोत.