धोक्याची घंटा

देवपूजेच्या आरंभीं घंटानाद करावा असा आपल्याकडे परिपाठ आहे. देवांनीं यावें आणि राक्षसांनीं निघून जावें, असा त्या नादाचा दुहेरी हेतु शास्त्रकारांनीं सांगितला आहे. नाद एकच, पण कोणाला तें आमंत्रण, तर कोणाला इशारा. घंटेचें हें दुहेरी सामर्थ्य जगांतील बहुतेक समाजांनीं ओळखलें होतें. त्यांपैकीं दुसऱ्या अंगाचा, म्हणजे धोक्याच्या घंटेचा, या महिन्यांत थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या उशाशीं ‘अलार्म’ वाजतो. या शब्दाचें कूळ शोधीत गेलें असतां तें इटलींतील एका रणघोषापाशीं जाऊन थांबतें. ‘शस्त्रें घ्या!’ हा त्याचा मूळ अर्थ. शत्रु चालून येतांना दिसला कीं ही आरोळी उठे. पुढें आरोळीचें नांव इशाऱ्यास मिळालें आणि इशाऱ्याचें नांव यंत्रास. मूळ शब्दांत भीतीचा उल्लेखहि नाहीं. काय करावयाचें त्याची आज्ञा मात्र आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

घंटेला स्वतःची भाषा नसते. ती समाजानें ठरवून द्यावी लागते. शाळेंत लोखंडाच्या एकाच तुकड्यावर टोल पडतात. पण एक टोल पडला तर तास संपला आणि टोलांची झड लागली तर शाळा सुटली, हें पहिलींतल्या मुलालाहि दोन दिवसांत कळतें. जपानांत हीच युक्ति जीवितरक्षणासाठीं योजिलेली होती. एदो, म्हणजे आजचें टोकियो, या शहरांतील घरें लांकडाचीं व कागदाचीं. त्यामुळें आगीचें भय नित्याचें. तेथें उंच मनोऱ्यांवर लहान घंटा टांगीत. आग दूर असेल तर सावकाश एकेक टोल, जवळ आली तर भराभर टोल, आणि अगदीं शेजारीं असेल तर घंटेच्या पोटांत दांडा फिरवून अखंड खणखणाट. कूस बदलून निजावें कीं मुलें उचलून बाहेर पडावें, हें गृहस्थाला अंथरुणांतच कळे.

अर्थ ठरला तरी तेवढ्यानें भागत नाहीं. घंटा विरळा वाजली तरच तिचें मोल राहतें. इंग्लंडांत गांवोगांवच्या चर्चच्या घंटा रविवारीं वाजत. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला आणि जर्मन सैन्य आकाशांतून उतरेल अशी धास्ती उत्पन्न झाली, तेव्हां सरकारनें हुकूम काढला, कीं यापुढें या घंटा एरवीं वाजवूं नयेत. वाजल्या तर शत्रु उतरला असें समजावें. प्रार्थना आणि विवाह घंटेवांचून होऊं लागले. ७ सप्टेंबर १९४० रोजीं स्वारी निकट असल्याचा सांकेतिक शब्द सैन्यास गेला व कांहीं ठिकाणीं घाईनें घंटा वाजविल्या गेल्या. शत्रु मात्र आला नाहीं. पुढें इजिप्तमध्यें एल अलामीनच्या लढाईंत जय मिळाला, तेव्हां १५ नोव्हेंबर १९४२ च्या रविवारीं त्याच घंटा आनंदासाठीं वाजल्या. एका इशाऱ्याची किंमत राहावी म्हणून सबंध राष्ट्रानें दोन वर्षांहून अधिक काळ आपला आवडता नाद सोडला होता.

घंटेवर दुसरें संकट येतें तें राज्यकर्त्यांच्या रोषाचें. रशियांत व्होल्गा नदीच्या तीरावर उग्लिच नांवाचें गांव आहे. तेथें १५९१ सालीं राजपुत्र दिमित्री याचा संशयास्पद मृत्यु झाला. घंटा वाजली, लोक जमले आणि दंगा झाला. सत्ताधाऱ्यांनीं गांवकऱ्यांना तर दंड केलाच, पण घंटेलाहि सोडलें नाहीं. तिची जीभ, म्हणजे आंतला लोळा, काढली. तिचा एक कान तोडला. आणि तिला सैबेरियांत तोबोल्स्क येथें हद्दपार केलें! ती स्वगृहीं परतली ती १८९२ सालीं. पुढें १७७१ च्या प्लेगांत मॉस्कोच्या क्रेमलिनमधील इशाऱ्याची घंटा वाजून लोक जमले व दंगा झाला, तेव्हां सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिनें त्या घंटेचाहि लोळा काढविला. तीस वर्षें ती मुकीच टांगलेली होती. वाचकांना हंसूं येईल. राजपुत्राचा जीव घंटेनें घेतला नव्हता आणि प्लेगहि घंटेनें आणला नव्हता.

परंतु आपल्याच देशांतील एक उदाहरण असें आहे, कीं तेथें हंसणें शक्य नाहीं. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला. बाहेरच्या वस्तीसाठीं असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यांत आला. लहानसहान गळतीसाठीं शेजारचे लोक विनाकारण घाबरूं नयेत, अशी तेथली रीत होती. आंतल्या कामगारांस सूचना पोंचली आणि वस्ती निजलेली राहिली. भोंगा वाजल्यास काय करावें हेंहि तिला कोणीं शिकविलें नव्हतें. हजारों माणसें त्या वायूनें मेलीं. ‘उगीच लोक घाबरतील’ हें वाक्य ऐकावयास किती दयाळू वाटतें! त्या रात्रीं या दयेपायीं किती घरें बुडालीं!

हेंच वाक्य आपल्या घरांतहि रोज उच्चारलें जातें. धाकटी सून म्हणते, मामंजींचा खोकला महिनाभर हटलेला नाहीं, डॉक्टरांस दाखवावें. तिला उत्तर मिळतें, ‘उगीच घाबरवूं नकोस.’ कॉलेजांत जाणारा पुतण्या म्हणतो, काकांनीं काढलेल्या कर्जाचा हिशेब एकदां मांडून पाहूं. त्याला सांगण्यांत येतें, कीं मोठ्यांच्या व्यवहारांत तोंड घालूं नये. आपणहि घंटेची जीभच काढीत असतों. उलट, आम्ही वडीलधारी मंडळी पाण्याच्या नळापासून मुलीच्या उशिरां येण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला सारख्याच मोठ्या आवाजांत धोका म्हणतों. मग खरा धोका सांगावयाची वेळ आली म्हणजे मुलांचे कान मिटलेले असतात.

२०२३ सालीं भारत सरकारनें मोबाइलवरून इशारा देण्याची चांचणी घेतली. हातांतलें यंत्र एकाएकीं कर्कश ओरडूं लागलें, तेव्हां पुष्कळ घरांत लोक दचकले. यंत्रें येतील तितकीं येवोत. परंतु स्वयंपाकघरांत गॅसचा वास आला तर शेगडीचा गॅस कोणीं बंद करावा, विजेच्या बटणास हात लावूं नये हें कोणाकोणास ठाऊक आहे, आजींना हात धरून बाहेर कोणीं न्यावें, हें आपल्या घरीं ठरलेलें आहे काय? नसल्यास एखाद्या रविवारीं जेवणानंतर सर्वांनीं बसून ठरवावें. आणि त्या बैठकींत सर्वांत धाकट्या माणसानें कांहीं सुचविलें तर त्याचें बोलणें आधीं पुरतें ऐकून घ्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.