शहामृग भिंतीवर, तांबट पिंपळावर

आपल्याकडच्या कुठल्याही बालवाडीत जा, भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता असतोच. त्यात शहामृग असतो, पेंग्विन असतो, टर्की असते, मोर तर हवाच. आणि त्याच भिंतीतल्या खिडकीबाहेर, पिंपळावर, सकाळपासून कोणीतरी टुक टुक टुक करत बसलेलं असतं. त्याचं नाव पोरांना माहीत नसतं, बाईंनाही नसतं. शहामृग काही शहाडला यायचा नाही. तांबट रोज येतो.

मध्यंतरी बातमीच्या निमित्ताने एका शाळेत गेलो होतो. शाळेचं नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही. कार्यक्रम उरकल्यावर पाचवीच्या पोरांना सहज विचारलं, आज शाळेत येताना कुठला पक्षी दिसला? उत्तरं आली: मोर, गरुड, पोपट, परत मोर. एकाने तर पेंग्विन सांगितला, वर्ग हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, वो लाल पंखवाला कौआ देखा. नाले के पास. चलता है, उडता कम है." बाकीची परत हसली, असा कुठे कावळा असतो का म्हणून.

अहो, तिने भारद्वाज बघितला होता. आणि त्याला मराठीत सोनकावळा म्हणणारी माणसं आजही आहेत. म्हणजे त्या मुलीने, घरी हिंदी बोलणाऱ्या, तेच नाव स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तयार केलं. रंग बरोबर, चाल बरोबर, जागा बरोबर. वर्गात पक्षी खरोखर पाहिलेली ती एकटीच होती, आणि हसू तिचंच झालं. आपली पोरं बघत नाहीत ही तक्रार मला त्यामुळेच पटत नाही. बघतात. बघितलेल्याला शाळेत मार्क नाहीत, तक्त्यावरच्याला आहेत.

मुलांना जवळची नावं येत नाहीत हे दुखणं फक्त आपलं नाही म्हणा. 2002 साली केंब्रिजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना चित्रांची कार्डं दाखवली होती, काही तिथल्या साध्या प्राणी-वनस्पतींची, काही पोकेमॉनची. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन जवळपास 80 टक्के ओळखले, घराजवळचे जीव मात्र निम्म्याच्या आसपास. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. आठ वर्षांचं पोर शंभर विचित्र नावं, त्यांचे रंग, त्यांच्या खोड्या सहज लक्षात ठेवू शकतं. डोक्यात जागा भरपूर आहे. आपण तिथे काही ठेवत नाही.

"पण शहाडला आहेत कुठे पक्षी? पक्षी बघायचे तर कर्नाळ्याला जावं लागतं." हे मी मुख्याध्यापकांकडून ऐकलंय, नगरसेवकांकडूनही ऐकलंय. वर्षातून एकदा बस करायची, वेफर्सची पाकिटं वाटायची, चाळीस पोरं गोंगाट करत अभयारण्यात न्यायची, पक्षी पळून जाणार, पोरं माकडं बघून परत येणार. त्यापेक्षा शाळेच्या फाटकाशी वीस मिनिटं गप्प उभं राहिलं तर जास्त दिसतं.

सुरुवात कावळ्यापासूनच करा. कावळे दोन आहेत हे मोठ्यांनाही माहीत नसतं. मानेला राखाडी पट्टा असलेला तो गावकावळा. पूर्ण काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. पितृपक्षात आपण गच्चीवर पान ठेवून ज्याची वाट बघतो त्याच्याकडे नीट बघितलेलं नसतं, एवढंच. मग साळुंकी आणि चिमणी. साळुंकी माणसासारखी एकेक पाऊल टाकत चालते, चिमणी टुणटुण उड्या मारते. हे एकदा सांगितलं की पोरं दिवसभर पक्ष्यांचे पाय बघत फिरतात. चिमणीत चिमणा वेगळा ओळखायचा: त्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, तिच्या नसतो. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्या दिवशी 'चिमणी वाचवा'ची पोस्टर्स काढणाऱ्या किती पोरांना चिमणा ओळखता येतो, विचारून बघा. (जाता जाता, मोबाइल टॉवरने चिमण्या संपल्या हे जे व्हॉट्सअॅपवर फिरतं त्याला पुरावा सापडलेला नाही. 2020 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाप्रमाणे देशात एकूण चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या महानगरांत मात्र कमी होत गेली आहे. पोस्टर काढायचंच तर निदान खरं काढा.)

कोकीळ तर फारच मजेशीर. 'कोकिळा गाते' असं आपण म्हणतो, पण कुहू कुहू करणारा नर असतो, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. पोरांना ती वेगळाच पक्षी वाटते. अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते हे कळलं की वर्गात कोण बरोबर, कोण चूक यावर जे भांडण लागतं ते अर्धा तास थांबत नाही. नदीकडे राहणाऱ्या पोरांसाठी ढोकरी आहे. काठाला, जलपर्णीच्या गचपणात मातकट रंगाची अशी गप्प बसते की दगड वाटावा. उडाली की एकदम पांढरीशुभ्र. पंख मिटले की रंग गायब. जादूचे प्रयोग दाखवायला पैसे देऊन माणूस बोलावतात शाळा, हा प्रयोग फुकट आहे.

घार ओळखायला शेपटी बघायची, मध्ये खाच असते. पाकोळी कधी तारेवर बसत नाही, सतत हवेत, घरटं पुलाखाली नाहीतर छज्ज्याखाली. बुलबुलाच्या बुडाशी लाल. दयाळ काळा-पांढरा, शेपटी उभी, उन्हाळ्यात पहाटे गाण्यात त्याला तोड नाही. खंड्या निळा, नाल्यावरच्या वायरवर बसलेला दिसतो, आणि मासाच हवा असा त्याचा हट्ट नाही, सरडे-किडेही खातो म्हणून नाल्यावर टिकलाय. झाले की दहाच्या वर. याला दुर्बीण लागत नाही, जीआर लागत नाही.

नावांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझा खरा जीव तिथे आहे. मराठीत पक्ष्यांना आपण धंद्याची नावं दिली आहेत. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज तो तांबट. खोडावर ठोकतो तो सुतार. पाण्याकाठी शेपटी आपटत फिरतो तो परीट. आपल्याहून मोठ्या घारीच्या, कावळ्याच्या मागे लागून त्यांना हाकलतो तो कोतवाल. हे नाव एकदा कळलं की पक्षी वेगळा शिकवावा लागत नाही, नावातच त्याचं काम सांगितलेलं आहे. आणि आपल्या पोरांना शिंपी समजावून सांगायची गरज आहे का? उल्हासनगर हे जीन्स शिवणारं शहर. निम्म्या वर्गाच्या घरी कोणी ना कोणी मशीनवर बसतं. कोळ्याचं जाळं आणि कापूस दोऱ्यासारखा वापरून पानाला टाके घालणारा, मुठीत मावेल एवढा पक्षी आपल्या कुंपणात आहे, हे त्या पोराला सांगून बघा.

मारुती चितमपल्ली वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून अशी नावं आयुष्यभर गोळा करत राहिले, त्यांचा पक्षीकोश त्यातून झाला. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. कल्पना चांगली. पण हा आठवडा बऱ्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत नाहीतर तिला लागून येतो. शाळा बंद, सप्ताह साजरा, फोटो अपलोड.

आता मोबाइल. मर्लिनसारखं अॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं, मीही वापरतो. पण पोरांच्या हातात ते पहिल्या दिवशी नको. एक तर पोर झाडाकडे न बघता स्क्रीनकडे बघतं. दुसरं म्हणजे अॅप सांगणार 'ओरिएंटल मॅगपाय रॉबिन', आणि दयाळ हा शब्द आजीबरोबर जाणार. आधी दहा पक्षी डोळ्यांनी, मग अॅप.

आणि फक्त मराठी नावांचाच हट्ट धरा असंही मी म्हणणार नाही, आपल्या वर्गांत तो चालणारच नाही. एकाच बाकावर मराठी चिमणी, हिंदी गौरैया, सिंधी झिरकी आणि गुजराती चकली बसलेली असते. चकली म्हटल्यावर मराठी पोरं फराळ आठवून हसणार, हसू द्या. फळ्यावर चारही नावं लिहा. सिंधी आजी फाळणीच्या आधीच्या अंगणातली झिरकी आठवून नातवाला काही सांगेल, तो ते उद्या वर्गात सांगेल. भाषेचा तास याहून वेगळा काय असतो?

"पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही पक्षी शिकवायला निघालात," असं एक शिक्षक मित्र मला तोंडावर म्हणाला. त्याचा राग समजतो. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यातून त्याला वर्ग मिळतो कधी? पण रोज फळ्यावर 'आज काय दिसलं' याखाली तीन ओळी पोरांनीच लिहिल्या तर ते वाचन-लेखनच झालं. आठवड्याच्या साळुंक्या मोजून तक्ता केला तर गणित झालं. आणि बाईंना नाव येत नसेल तर बाईंनी पोरांबरोबर शोधावं, त्यात कमीपणा नाही. 'अर्ली बर्ड' नावाचा उपक्रम मुलांसाठी भारतीय भाषांत पक्ष्यांची पत्रकं, खेळ तयार करतो, त्यात मराठीही आहे.

मी हे सगळं छंद म्हणून लिहीत नाही, बातमीदार म्हणून लिहितोय. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये दोन्ही महापालिकांची पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते. नेमकी तीच कावळ्याच्या घरट्यांची वेळ, म्हणजे कोकिळेचीही. तांबटाला तर वाळकी, मऊ झालेली फांदीच लागते, त्यात तो भोक पाडून घर करतो, आणि वाळकी फांदी 'धोकादायक' म्हणून पहिली जाते. धोका असेल तिथे कापावीच लागेल, माणसाच्या डोक्यावर पडू द्या असं कोण म्हणेल. पण वर घरटं आहे का हे करवतवाल्याने आधी बघावं, एवढं सांगणारं माणूस खाली उभं लागतं. पूर्ण झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे नोटीस द्यावी लागते, झाडावर लावावी लागते, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. अशा नोटिशी मी वर्षानुवर्षं वाचतोय. त्यात झाडांची संख्या असते, जात असते. त्या झाडावर कोण राहतं हे हरकत घेणाऱ्यालाच सांगावं लागतं, आणि ज्याला नाव माहीत नाही तो काय लिहिणार? 'पक्षी' लिहिणार. पक्ष्यांना पंख असतात, दुसरीकडे जातील, असं उत्तर येणार.

संक्रांतीचंही तेच. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी विकणाऱ्याला तो विकता येतो आणि पोराला मिळतो. बंदीचं भाषण पोरं ऐकून सोडून देतात. पण जी पोरं वर्षभर एका घारीला शाळेवरून घिरट्या घालताना मोजतात, त्यांना तिचा पंख कापलेला दिसला तर त्यातलं कोणी पुढच्या वर्षी तरी साधा दोरा घेईल, असं मला वाटतं. सगळी नाही घेणार. काही घेतील.

मागणी छोटी आहे. उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी आठवड्यातला परिसर अभ्यासाचा एक तास वर्गाबाहेर घ्यायची मोकळीक शाळांना द्यावी. पुढच्या वेळी भिंती रंगवायला काढाल तेव्हा पेंटरला पेंग्विनऐवजी शाळेच्या आवारातले दहा पक्षी सांगा, खाली तिन्ही-चारही भाषांतली नावं. रंगाचा खर्च तेवढाच. आणि छाटणीच्या आधी उद्यान विभागाने जवळच्या शाळेला दोन दिवस आधी कळवावं, पोरं घरटी मोजून देतील. लांबून मोजायची, झाडावर चढायचं नाही, पिल्लू उचलून घरी आणायचं नाही, हे मात्र पहिल्या दिवशीच बजावून.

ही पोस्ट वाचणाऱ्यांना एक काम. तुमच्या खिडकीतून रोज दिसणारा एक पक्षी आणि तुमच्या घरी त्याला काय म्हणतात, खाली लिहा. मराठी, सिंधी, हिंदी, तेलुगू, कोणतीही भाषा चालेल. नाव माहीत नसेल तर त्या मुलीसारखं वर्णन लिहा: रंग, चाल, जागा. यादी झाली की प्रिंट काढून दोन-तीन शाळांत मी स्वतः नेऊन देतो.