पदभार कोणाच्या हाती?

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत तलाठ्याला लोक अजूनही पटवारीच म्हणतात. 2024 साली शासनाने त्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ अशी भारदस्त नावे दिली. नावे बदलली. परंतु हा माणूस बदलून गेला किंवा निवृत्त झाला की त्याच्या हातातील अधिकार कोणाकडे जातात आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांची जबाबदारी कोण घेतो, हा जुना प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

बदल्या आणि दप्तरदिरंगाई यांबाबतच्या 2005 च्या कायद्याने शासकीय बदल्या एप्रिल-मे महिन्यांत करण्याचा दंडक घातला. हेतू स्तुत्य होता. पण हेच महिने खरिपाच्या पीककर्जाचे आहेत. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला हे खरे. मात्र त्या उताऱ्यावर नाव चढण्यासाठी फेरफाराची नोंद तलाठ्यानेच घ्यावी लागते आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी लागते. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे समाविष्ट झाले, त्यांत वर्धा होता. घरधनी गमावलेल्या शेतकरी स्त्रीचा वारसाचा अर्ज जुन्या तलाठ्याच्या टेबलावर राहतो, नवा म्हणतो, “मला चार्जमध्ये मिळाला नाही.” नोंद नाही म्हणून कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून सावकार. कारकुनी वाटणाऱ्या हलगर्जीपणाची किंमत अशा रीतीने सर्वांत दुबळ्या घराकडून वसूल होते.

ग्रामपंचायतीचे दुखणे याहून नाजूक आहे. वित्त आयोगाचा निधी आता ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च होतो. त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. एकाने देयक मांडावे, दुसऱ्याने तपासावे, हे त्यामागील तत्त्व. दोघांपैकी एक पायउतार झाला की जुनी स्वाक्षरी बंद करून नवी नोंदवावी लागते. तोवर नळयोजनेची दुरुस्ती आणि मजुरांचे देणे अडून राहते. ही अडचण टाळण्यासाठी सोपा पण घातक मार्ग काढला जातो: डोंगल आणि सांकेतिक शब्द दुसऱ्याच्या हवाली करायचा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार स्वाक्षरीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राखणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. तेव्हा गेलेल्या माणसाच्या नावावर मागे राहिलेल्याने पैसे काढले, तर चौकशीत गुंतणार तो गेलेलाच.

आणि हे डोंगल पुष्कळदा सांभाळतो कोण? तुटपुंज्या मानधनावर, कंत्राटी पद्धतीने राबणारा संगणक परिचालक. पंचायतीची सारी गुपिते त्याच्या हाती. पण पद नाही, शाश्वती नाही, लेखी आदेश नाही. अधिकार एकाचा, श्रम दुसऱ्याचा आणि बालंट तिसऱ्यावर, अशी ही व्यवस्था आहे. रिक्त पदे न भरता एकाच कर्मचाऱ्याच्या गळ्यात अनेक गावांचा अतिरिक्त कारभार बांधणारे शासन या दोषातून मुक्त होऊ शकत नाही.

इतिहासाने एक धडा दिला आहे. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, 1951 साली, येथील मालगुजारी नष्ट झाली. गावावरील सत्ता ही कोणा घराण्याची मालमत्ता नाही, हा त्या कायद्याचा गाभा होता. आज सत्तेची किल्ली वाड्यातून निघून इवल्याशा डोंगलमध्ये शिरली आहे. ती व्यक्तीच्या खिशात राहिली, तर मालगुजारीच नव्या रूपाने परत आली असे म्हणणे भाग पडेल. स्वाक्षरी माणसाची असते. अधिकार मात्र पदाचा, आणि पद जनतेचे असते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कार्यमुक्त होण्यापूर्वी दोन याद्या व्हाव्यात: एक दप्तर, रोकड व किल्ल्यांची आणि दुसरी प्रलंबित अर्जांची, अर्जदाराच्या नावानिशी. त्यावर देणारा, घेणारा आणि वरिष्ठ अशा तिघांच्या सह्या असाव्यात. जुनी स्वाक्षरी त्याच दिवशी बंद व्हावी आणि नवी नोंदवण्याचे काम आधीच उरकलेले असावे. संगणक परिचालकाला रीतसर नेमणूक आणि मर्यादित, स्वतंत्र परवानगी मिळावी. प्रलंबित कामांची यादी पुढील ग्रामसभेत वाचली जावी.

अशी यादी प्रामाणिक कर्मचाऱ्याचेही संरक्षण करते. निवृत्तीनंतर हरवलेल्या कागदाच्या चौकशीपायी ज्याचे निवृत्तिवेतन अडते, त्याला तिचे मोल विचारावे. कर्मचारी संघटनांनी ही मागणी आपली मानली, तर शेतकरी आणि नोकरदार यांना परस्परांविरुद्ध उभे करणाऱ्यांचा डाव फसेल.

येत्या बदल्यांच्या हंगामात आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात एकच प्रश्न विचारावा: चार्ज यादी कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत ग्रामसभा सोडू नये.