‘डायरेक्ट’ नावाचा रोग

रायपूरला पोस्टिंग आल्यापासून एक शब्द इतक्यांदा ऐकलाय की आता त्याने माझे कान तापतात. तो शब्द म्हणजे ‘डायरेक्ट’. हॉर्न वाजत नाही? डायरेक्ट करून टाकू. फ्यूज सारखा उडतो? डायरेक्ट. हेडलाइट मंद आहेत? “साहब, बैटरी से डायरेक्ट दे देता हूँ, दिन जैसा उजाला हो जाएगा.”

बूढापारा अनेक वर्षं या शहराचं धरणं देण्याचं ठिकाण होतं. पुढे ते नवा रायपूरकडे, तुता इथे हलवलं. जागा रिकामी आहे, पण वर्दीतल्या माणसाला धरणं देता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मागणी एकच: हेडलाइटची वायर सुधारायची असेल तर रिले आणि फ्यूज लावून सुधारा, नाहीतर हात लावू नका.

बूढापारा आणि शेजारच्या तात्यापाऱ्यात जुनी मराठी कुटुंबं आहेत, आणि कुठे ना कुठे एखादी जुनी गाडीही जिवापाड जपलेली दिसते. तिचा मालक माजी सैनिक असेल तर ती रविवारी पॉलिश होते, टायरची हवा वेळेवर बघितली जाते. फर्स्ट परेडची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. आणि त्याच गाडीचं बॉनेट उघडलं की आत 100/90 वॉटचे बल्ब, कातडं सोलून पिळलेल्या तारा, वर इन्सुलेशन टेपचा गोळा. विचारलं की उत्तर मिळतं, “समोरचा डिपर देत नाही हो, मग आपणही दाखवायचं.”

हे उत्तर मला फौजी माणसाच्या तोंडी शोभत नाही. समोरच्या ट्रकवाल्याला आंधळं करून आपण सुरक्षित कसे होतो? तो 20 टनांचं धूड घेऊन आपल्याच दिशेने येतोय.

आता मूळ दुखण्याकडे या. पद्मिनी, अँबेसेडर आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या किंवा स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. बॅटरीतून आत, स्विचमधून परत बाहेर, मग बल्बला. 55 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. तार बारीक, रस्ता लांब, स्विचचे कॉन्टॅक्ट वीस-तीस वर्षांचे, आणि बॉडीला जोडलेल्या अर्थच्या टोकाला गंज. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं.

विश्वास बसत नसेल तर मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग बल्बच्या होल्डरवर. इकडे 13.8 आणि तिकडे 12 आले तर फरक तेरा टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के गेला. वरच्या उदाहरणात चाळीस टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो. बल्ब बिचारा ठीक आहे, त्याला रेशनच पोचत नाही. आणि आपण काय करतो? रेशनची वाट दुरुस्त करायची सोडून जास्त खाणारा जवान भरती करतो.

100 वॉटचे दोन बल्ब अप्परला सोळा-सतरा अँपिअर ओढतात. 60 वॉटचे दोन ओढतात दहा. तारेत आणि स्विचमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच जुन्या स्विचमध्ये जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर पिवळा पडतो, मग काळा, मग वितळतो. शिवाय या वॉटचा बल्ब रस्त्यावर कायद्यात बसत नाही. एच-4 म्हणजे 60/55, एवढंच.

रिलेचं काम फौजेतल्या कुणालाही एका वाक्यात समजेल. सीओसाहेब स्वतः पेट्या उचलत नाहीत, हुकूम देतात. जुना स्विच फक्त हुकूम देतो, एक अँपिअरच्या अंशाइतक्या करंटने रिलेची कॉइल ओढतो. ओझं रिले उचलतो: बॅटरीतून थेट, जाड तारेने, जवळच्या वाटेने बल्बपर्यंत. रिलेवर आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरी, 87 ला बल्ब, 85 आणि 86 कॉइलची टोकं. लोअरला एक रिले, अप्परला दुसरा. तार अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची, आणि अर्थची तारही तेवढीच. अर्थ जुनीच ठेवून रिले लावणारे महाभाग मी पाहिलेत. अर्धा फायदा तिथेच गेला. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नव्हे तर अर्थ तोडतो, तिथे जोडणी बदलते. ते न तपासता पक्कड हातात घेणाऱ्याला गाडी देऊ नका.

आणि फ्यूज. खरं भांडण इथे आहे.

बॅटरीतून नवीन जाड तार काढली आणि फ्यूज लावला नाही, तर जुन्या वायरिंगपेक्षा धोकादायक गोष्ट आपण पैसे देऊन बसवून घेतली. ती तार कुठे पत्र्याला घासली, उंदराने कुरतडली, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. तारेची शेगडी होते, तीही पेट्रोलच्या नळीपासून हातभर अंतरावर. फ्यूज बल्बला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मागच्या सगळ्या तारेला उघडं सोडतो.

“फ्यूज तो उड़ता रहेगा, साहब.” उडेलच. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला ड्यूटीवरून काढायचं का? घरच्या किटकॅटमध्ये जाड तार भरणारे आणि गाडीच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटाची चमकी गुंडाळणारे एकाच जातीचे. पंधराचा उडाला म्हणून तिसाचा लावणारे त्यांचे चुलतभाऊ.

माझा आग्रह आणखी एक आहे, त्याला काही जण अति म्हणतील. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज, प्रत्येकी दहा अँपिअरचा. एका फ्यूजवर दोन्ही दिवे म्हणजे एका पुलावर अख्खी ब्रिगेड. धमतरी, कांकेर करत जगदलपूरला निघालात आणि केशकाल घाटाच्या वळणावर तो एकुलता फ्यूज गेला, तर पुढचं वळण अंदाजाने घ्यायचं?

याच रस्त्यावर पावसाळ्यात रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, कोरडी जागा म्हणून. काळी म्हैस, काळा रस्ता. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरा, म्हणजे 33 मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला चाळीसेक मीटर. लोअर बीममध्ये एवढ्या लांबची काळी वस्तू चांगल्या दिव्यांनाही जड जाते. चाळीस टक्के उजेड तारेत जाळून बसलेल्या गाडीची काय कथा.

दुसऱ्या टोकाला ‘कंपनीने दिलंय ते बरोबर’ म्हणणारे आहेत. नव्या गाड्यांबद्दल ते बरोबर आहेत. त्यांत रिले किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आधीच असतो, तिथे तार कापली तर वॉरंटी जाईल आणि विम्याचाही वाद होईल. पण तीस वर्षांपूर्वीच्या गाडीत कंपनीने दोन रिलेंचे पैसे वाचवले होते, हा काही धर्मग्रंथ नव्हे.

काम झालं की गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा आणि लोअरची कड खाली बसवून घ्या, कारण वाढलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर सगळं व्यर्थ. मग मल्टिमीटरने पुन्हा मोजा. बॅटरी आणि होल्डर यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक राहिला असेल तर पैसे द्यायच्या आधी बॉनेट पुन्हा उघडायला लावा, आणि फ्यूज कुठे बसवलाय ते बोटाने दाखवायला सांगा.