काढ्याचा चोथा आणि हळदीचा कंद

परळच्या आमच्या लहानशा औषधशाळेत काढा गाळून झाला की उरलेला चोथा पोत्यात भरून कचरागाडीत जात असे. त्यात वावगे काही वाटले नाही. सांगलीकडील एका हळद-उत्पादकाचे कंदकूज लागलेले शेत पाहिले, तेव्हा मात्र आम्ही विचारात पडलो.

कंदकूज प्रामुख्याने पिथियम वर्गातील सूक्ष्मजीवांमुळे होते. पाणी साचणाऱ्या जमिनीत तिचा जोर अधिक. शेतकरी रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करतो आणि तोच कंद पुढे आपल्या हरिद्राखंडात येतो. भूमिपरीक्षेसाठी सुश्रुतांनी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय योजला. आपण मात्र पावती पाहून माल घेतो!

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी येथे उपयोगी पडते. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांवर जगते, हे वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखविले. शेणखतात मुरवून ती लागवडीपूर्वीच जमिनीत द्यावयाची असते. कंद सडू लागल्यावर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक सोबत दिले तर तीच मरते. सुरपालांच्या वृक्षायुर्वेदात हे सारे आधीच होते, असे म्हणण्याचा मोह काही वैद्यमित्रांना होतो. कुणपजलाचे मोल आम्ही जाणतो, पण तसे म्हणणे आम्हांस पटत नाही.

ही बुरशी काष्ठमय अवशेषही कुजविते. म्हणून आम्ही चोथा शेण व ट्रायकोडर्मासह पिंपात मुरवू लागलो. निंबसालीचा चोथा अधिक झाला की काम रेंगाळते. साली बारीक करून इतर चोथ्यात मिसळल्यावर ते सुधारले. तयार खत कर्जतकडील एक वनौषधी-उत्पादक आनंदाने नेतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. गिरगाव-लालबागच्या चाळींतील आपल्या गोदामांना आधीच पावसाळी ओल असते. हे पिंप द्रव्यभांडाराजवळ ठेवल्यास शेतातील मित्र गोदामात शत्रू ठरेल. आमचे पिंप म्हणूनच मागील अंगणात, पत्र्याखाली आहे.

आता प्रश्न खरेदीचा. बुरशीनाशकाविना पिकविलेली हळद दिसावयास तेवढी गोंडस नसते आणि काहीशी महागही पडते. औषधी विक्रेत्या बंधूंनी तिची मागणी नोंदविली नाही, तर शेतकऱ्याने ती कोणाच्या भरवशावर पिकवावी? आम्ही यंदा आमच्या गरजेपुरती आगाऊ नोंदविली आहे. दादरच्या दोघा सहव्यवसायींनीही होकार दिला आहे.