मुलांना एक भिंत द्या

भिंत खराब केली म्हणून पोराला मारले, असे पालक दवाखान्यात सहज सांगतात. मला ते पटत नाही. रेघोट्यांतूनच बोटांना वळण लागते. खिडकीजवळची हातभर भिंत गेरूने सारवून द्या. खडू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पुरे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानेच चित्रे काढली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोळ्याला आपली पोरे काळ्या मातीचे बैल करतात. ती माती वर्षभर घरात असू द्या.

मात्र दारे रंगवून उरलेला जुना ऑइलपेंट मुलांना देऊ नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांत शिसे जास्त असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला अपाय करते. रंगकामानंतर हात साबणाने धुवावेत. भिंत काय, दिवाळीत पुन्हा सारवता येते.